वाढत्या अंगाचं माप

९ जुलै

ठकू,

आशीर्वाद शेवटी देते, आधी बातमी. मी कॉलेजात जायला लागले.

पोटभर हसून घे आणि मग पुढचं वाच. मशीन बंद केल्यापासून दिवसभर करतेस काय, असं तू मागच्या पत्रात विचारलं होतंस. खरं सांगायचं तर काहीच करत नव्हते. गणवेश आता तयार मिळतात, शाळेनंच दुकान ठरवून दिलंय. माझ्या मशीनवर तुझ्या बाबांनी रेडिओ ठेवला. तो रेडिओ तिथे बघितला आणि माझ्या डोक्यात काहीतरी हललं. दुसऱ्या दिवशी कॉलेजात जाऊन विचारून आले. वय झालेल्यांना सवलतीत प्रवेश देतात म्हणे. मी विचारलं, किती वय झालेल्यांना? तिथला कारकून म्हणाला, तुमच्याएवढं चालेल.

पहिल्या दिवशी वर्गात पाऊल टाकलं आणि सगळी पोरं उभी राहिली. मला वाटलं, काय शिस्त आहे. "बसा, बसा" म्हटलं आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसले. मग जो हशा पिकला तो सर येईपर्यंत थांबला नाही. सर तुझ्यापेक्षा लहान असतील, मिशी अजून धड आलेली नाही. त्यांनी हजेरी घेतली. त्यात माझं नाव आलं. तुझ्या आजीनं ठेवलेलं. कुणाची आई नाही, कुणाच्या घरच्या नाहीत, नुसतं नाव. ओ द्यायला मला इतका वेळ लागला की त्यांनी गैरहजेरी मांडून टाकली.

शेजारी एक मुलगी बसते, तिला सगळे वटवट म्हणतात. का ते पाच मिनिटांत कळलं. आणि पुढच्या बाकावरच्या उंच पोराला जिराफ म्हणतात. त्याला मी ओळखलं. त्याची विजार मी किती वेळा उसवून लांब केली होती. त्यानं मला ओळखलं नाही, बरं झालं.

वर्षात चार निबंध लिहायचेत. पहिला स्वतःवर, दुसरा समाजावर, तिसरा वाचलेल्या पुस्तकावर आणि चौथा अनुभवावर, तो परीक्षेतच. स्वतःवर काय लिहितात गं? तू सांग.

बाबा स्वयंपाक शिकतायत. जन्मभर पाण्याचे पंप चालवले, त्यामुळे भाजीत मीठ अर्धा वळसा घालायचं की पाऊण, असं विचारतात.

आता आशीर्वाद.

आई

•

३ ऑगस्ट

प्रिय आई,

तुझं पत्र जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि एकटीच मोठ्यानं हसले. आमच्या कचेरीत सहसा कुणी हसत नाही. विमानतळाच्या तळघरात हरवलेल्या सामानाशेजारी बसून कोण हसणार?

पण खरं सांग, तुला घरी करमत नाही म्हणून हे चाललंय ना? मग इकडे ये की. त्या लाकडी बाकावर बसून पाठ धरेल तुझी. आणि स्वतःवर काय लिहायचं म्हणजे? लिही की, मी गणवेश शिवते, मला एक मुलगी आहे, ती लांब राहते आणि मला तिची आठवण येते. झाला निबंध.

इथलं सगळं तसंच आहे. तुझा जावई बोटीवर गेला तो आता मध्ये कधीतरी येईल, पुन्हा जाईल. घर लहान आहे तरी संध्याकाळी मोठं वाटतं. समोरच्या इमारतीत एक बाई रोज खिडकीत उभं राहून गालिचा झटकते. आम्ही एकमेकींना हात करतो. ओळख एवढीच.

कामावर मात्र माणसं भेटतात. हरवलेली बॅग समोर आणून ठेवली की माणूस ती लगेच उघडत नाही. आधी तिच्यावरून हात फिरवतो. मी इतक्यांदा पाहिलंय हे, तरी दर वेळी हातातलं काम सोडून बघत राहते.

हल्ली जरा जास्तच वेळ बघते. त्याचं कारण आहे, आणि ते मी मुद्दाम शेवटी ठेवलंय. डॉक्टरांनी एप्रिलची सुरुवात सांगितली आहे. तू आजी होणार आहेस.

तू येशीलच. मी विचारतसुद्धा नाही. मार्चअखेर आलीस तरी चालेल. येताना काही आणू नकोस, नुसती ये.

तुझी,
ठकू

•

२६ ऑगस्ट

माझ्या ठकू,

पत्र बाबांनी मोठ्यानं वाचलं आणि शेवटच्या ओळींपाशी आल्यावर चष्मा पुसत बसले. मग मीच हिसकावून घेतलं. त्या दिवशी भाजीत मीठच नव्हतं. आम्हा दोघांनाही ते जेवण झाल्यावर कळलं.

येते मी. एप्रिल तर एप्रिल. त्यात विचार काय करायचा? तिकिटाचं बाबा बघतायत.

तू सांगितलंस तसाच निबंध लिहिला होता. अमक्याची बायको, तमकीची आई, शिवणकाम करते. सरांनी खाली लाल शाईनं विचारलं, "यात तुम्ही कुठे आहात?" मला राग आला. एवढंसं पोर, आणि मला विचारतायत मी कुठे आहे. घरी येऊन बाबांना म्हटलं, तर ते म्हणाले, बरोबर विचारलंय त्यांनी, परवा मीसुद्धा तुला घरभर शोधत होतो आणि तू गच्चीत पुस्तक घेऊन बसली होतीस.

वर्गात काहींचे निबंध वाचून दाखवले. वटवटनं लिहिलं होतं की घरी ती एक शब्द बोलत नाही, घरात वडील आणि भाऊच बोलतात, म्हणून दिवसभराचं सगळं ती वर्गात बोलून घेते. तेव्हापासून मी तिला गप्प बस म्हणत नाही. जिराफानं आधी नाही म्हटलं, मग उठला. त्याचे वडील शववाहिनी चालवतात. शाळेत त्यानं कधी कुणाला सांगितलं नव्हतं. त्यानं वाचलं, "आमच्या गाडीत बसलेला माणूस वडिलांच्या गाडी चालवण्याबद्दल कधीच तक्रार करत नाही." सगळे हसले आणि हसता हसता एकदम गप्प झाले. तो तसाच उभा होता. मला वाटलं उठून त्याची कॉलर नीट करावी.

मी माझा निबंध परत लिहिला. सोबत पाठवते. चुका काढू नकोस.

जड उचलू नकोस. तुझ्या त्या बॅगा दुसऱ्या कुणाला उचलायला सांग.

आई

•

१४ ऑक्टोबर

प्रिय आई,

तुझा निबंध पुन्हा पुन्हा वाचला. चुका काढल्या नाहीत, काढता आल्या नाहीत.

तू लिहिलंयस की मी इकडे आल्यावर तू माझ्या खोलीचा दिवा रोज संध्याकाळी लावायचीस. मग एकदा तू दिवा लावून त्या खोलीत जाऊन बसलीस, आणि तुला वाटलं की इथे बसून आपण काय करणार, आपल्याला दुसऱ्यांसाठी काही करायचं सोडून काहीच येत नाही. आई, हे तू मला कधी बोलली नाहीस. फोनवर तू फक्त जेवलीस का विचारतेस. मलाही ते सोयीचं जातं. फोन खालच्या केमिस्टच्या दुकानात, तिथे दहा माणसांसमोर उभी राहून तू तरी काय बोलणार?

मला मात्र सगळं येतं असं लोकांना वाटतं. एकटी राहते, कामावर जाते, परक्या भाषेत भांडते. संध्याकाळी कुलूप उघडताना मी आतल्या कुणाला तरी "आले गं" म्हणते. ती तू असतेस. हे तुझ्या जावयालाही माहीत नाही.

बाळ आतून हलल्यासारखं वाटतं. त्या वेळी कुणाचा तरी हात तिथे ठेवावासा वाटतो, आणि हात मिळत नाही. परवा कामावरच्या सोबतिणीचा हात धरून ठेवला. ती बिचारी गोंधळली. वरच्याच मजल्यावर राहते ती, चांगली आहे, पण तिच्याशी आपल्या भाषेत कण्हता येत नाही.

मार्चच्या सुरुवातीलाच नाही का येता येणार? मी कॅलेंडर भिंतीवरून काढून ठेवलंय. सारखं बघत होते म्हणून.

ठकू

•

१० नोव्हेंबर

ठकू,

तिकीट मार्चअखेरचं झालंय. आधी जमलं असतं तर आलेच असते गं.

"आले गं" परत परत वाचलं. पण आता तूही ऐक. तू कुलूप उघडतेस त्या वेळी आमच्याकडे सकाळ असते आणि मी बसस्टॉपवर उभी असते. तिथूनच ओ देते असं समज.

समाजावरचा निबंध झाला. वाढत्या अंगाच्या मापावर लिहिला. कापड आत किती ठेवायचं यावर आईबापांशी किती वाद घातले मी. शिलाईत एवढं दुमडून ठेवा, तेवढं ठेवा, पोर वाढेल. स्वतःच्या अंगावरच्या कपड्याला कुणी असं माप देत नाही. मोठं झालं की माणूस वाढायचा थांबला, असं आपणच ठरवून टाकतो. सरांनी यावेळी काहीच विचारलं नाही. नुसती एक रेघ ओढली होती, चांगल्यासाठी की वाईटासाठी ते कळलं नाही.

आता पुस्तकावरचा. कादंबरीतली बाई घर सोडून जाते आणि सगळा वर्ग खूश. मी हात वर करून म्हटलं, जाऊ दे तिला, पण शेगडीवर दूध ठेवून गेलीय ते बंद कोण करणार? पोरं खूप हसली. सरांना वाटलं मी बाईच्या विरुद्ध आहे. तसं नव्हतं. ती जाताना तिला दूध आठवलं असेल, तरी ती गेली, म्हणजे तिला किती जायचं असेल, असं मला म्हणायचं होतं. वर्गात ते जमलं नाही. निबंधात लिहिलं.

तुला एक सांगते, लग्नाआधीचं. आजी याच कॉलेजाचे पडदे शिवायची. मी ते पोचवायला जायचे. एकदा खिडकीबाहेर पडद्यांचं गाठोडं घेऊन उभी होते, आत एक म्हातारे सर काहीतरी वाचत होते आणि अख्खा वर्ग खळखळून हसला. मला वाक्य ऐकू आलं नाही, हसणंच ऐकू आलं. इतक्या वर्षांत मशीन चालवता चालवता किती वेळा मनात आलं असेल की कशाला हसले असतील ते? कुणाला विचारण्यासारखं नव्हतं. दुधावरून वर्ग हसला तेव्हा खिडकीबाहेर बघितलं मी, उगीचच.

अभ्यासाची काळजी करू नकोस. अभ्यास काय, पुढच्या वर्षीही करता येतो. बाळ पुढच्या वर्षी होत नाही.

आई

•

१८ डिसेंबर

चि. ठकूस,

मला पत्र लिहायची सवय नाही. पंपघरात "चालू" आणि "बंद" एवढेच दोन शब्द लिहायला लागायचे. तरी लिहितो. हे पत्र तुझ्या कामाच्या पत्त्यावर पाठवतोय आणि तुझ्या आईला माहीत नाही.

तुझ्या आईची परीक्षा एप्रिलच्या पहिल्या दोन आठवड्यांत आहे. ती तुला हे सांगणार नाही. पुढच्या वर्षी देईन म्हणते ते खरं नाही. सवलतीचा प्रवेश एकदाच मिळतो. परीक्षेला बसलं नाही तर नाव काढून टाकतात. मी स्वतः जाऊन त्या कारकुनाला विचारून आलो. वाद घालून पाहिला. त्यालाही वाईट वाटलं, पण नियम नियम.

काल तिनं वाचनालयाची पुस्तकं परत केली. म्हणाली, आता बाळाची तयारी करायची. मी म्हटलं, राहू देत की चार दिवस. तर म्हणाली, जवळ असली की वाचावीशी वाटतात.

बेटा, तू ये म्हणतेस त्यात तुझं काही चूक नाही. अशा वेळी आई जवळ हवी. ती जाणार आहे, आणि तिनं जावं असं मलाही वाटतं. आणि तिनं पेपर लिहावा असंही वाटतं. सकाळी ती दप्तर घेऊन निघते तेव्हा मी गॅलरीत उभा राहतो. कोपऱ्यावर वळेपर्यंत तिची चाल बघत राहतो. अशी चालताना मी तिला आधी कधी बघितलं नव्हतं.

काय करावं मला कळत नाही. तू काही करावंस म्हणूनही लिहीत नाही. कुणाला तरी सांगायला हवं होतं.

तब्येतीला जप.

बाबा

•

९ जानेवारी

प्रिय आई,

घाईत लिहितेय. एक बदल झालाय, तुला लगेच कळवायला हवा.

सासूबाई येतायत. त्यांनी स्वतःच ठरवलं. पहिलं नातवंड, मीच करणार म्हणतात, आणि तुझ्या जावयानंही तिकीट काढून दिलं. माझं घर किती लहान आहे तुला माहीत आहे. दोघी एकाच वेळी मावणार नाहीत, आणि त्यांना नाही म्हटलं तर वाईट दिसेल. तर तू आत्ता येऊ नकोस. एप्रिल उलटला की ये, तेव्हा निवांत राहता येईल.

बाकी ठीक. डॉक्टर म्हणतात सगळं व्यवस्थित आहे.

ठकू

•

९ जानेवारी

ती. बाबांस,

आईला वेगळं पत्र टाकलंय. सासूबाई येतायत असं लिहिलंय. त्या येत नाहीत. त्यांचे गुडघे तुम्हाला माहीत आहेत, त्यांना घराचा जिना उतरवत नाही, इथे कुठल्या येतायत.

तुमच्या जावयाला मी पटवलंय. तो नाखूश आहे. तुम्हीही असाल. पण आईला कळू देऊ नका. कळलं तर ती येईल, आणि ती दारात दिसली तर परत जा म्हणायची ताकद माझ्यात नाही.

तिकीट बदलून घ्या. आणि तिची पुस्तकं परत आणा.

ठकू

•

२ फेब्रुवारी

ठकू,

पत्र मिळालं. बरं झालं. त्यांचा हक्क आहे. पहिलं नातवंड त्यांचंही आहेच. मी काय, नंतर येईन.

त्यांच्या गुडघ्यांचं ऐकलं होतं, आता बरे असतील. त्यांना एक पत्र लिहिलंय, बाबा पेटीत टाकतो म्हणाले. तुला कमरेखाली उशी लागते, तापात तू बडबडतेस, घाबरलीस की तू रागावल्यासारखी बोलतेस, ते मनावर घेऊ नका, असं सगळं कळवलंय. त्यांना कुठून माहीत असणार?

मशीनवरचा रेडिओ काढून झबली शिवली. मऊ जुन्या साड्यांची आहेत. शिलाई मुद्दाम बाहेरच्या अंगाला ठेवलीय, बाळाला टोचू नये म्हणून. सासूबाईंना सांग, उलटी शिवलीत असं त्यांना वाटायला नको.

बाबांनी माझी पुस्तकं पुन्हा आणून दिली. मी बसते घेऊन. ओळीवर डोळे असतात. तुझं घर लहान आहे हे खरंच, पण मी जमिनीवर झोपले असते गं. असो. मनाला लावून घेतलेलं नाही. तू सुखरूप असलीस की झालं.

आई

•

२० मार्च

प्रिय आई,

झबली मिळाली. सगळी उशीखाली ठेवलीयत.

सासूबाई पोचल्या. त्यांच्या गुडघ्यांना इथली हवा मानवली. चहात साखर कमी घेतात. सकाळी लवकर उठतात आणि गॅलरीत बसतात. समोरच्या गालिचावाल्या बाईशी त्यांची मैत्री झालीय, भाषा येत नाही तरी. माझ्या कमरेखाली उशी ठेवतात. रात्री डोक्यावरून हात फिरवतात आणि अंगाई म्हणतात, तू म्हणायचीस तीच, आवाज जरा घोगरा. मी झोपले असं वाटलं की थांबतात, आणि मी झोपलेली नसते.

खूप करतात माझं. तू काळजी करू नकोस.

तुझा अभ्यास कसा चाललाय? परीक्षा कधी असते ते तू कधी लिहिलंच नाहीस. जेव्हा असेल तेव्हा चांगली दे. जिराफाला आणि वटवटला माझ्याकडून शुभेच्छा. त्यांचा मला हेवा वाटतो, ते रोज तुझ्याजवळ बसतात.

ठकू

•

११ एप्रिल

ठकू,

काय लिहू तुला? चिडूनच लिहायला बसलेय.

आज निबंधाचा पेपर होता. लिहून बाहेर आले तर फाटकाशी तुझे बाबा उभे. सकाळी मी आत गेल्यावर खाली केमिस्टकडे फोन आला, तो निरोप घेऊन ते धावत आले आणि पेपर संपेपर्यंत उन्हात उभे राहिले. म्हणाले, मुलगी झाली, दोघी ठीक आहेत. मी भररस्त्यात त्यांचा हात धरला. मग मी विचारलं, तिच्या सासूबाई जवळ होत्या ना?

तर ते चप्पल बघायला लागले.

या माणसाला खोटं बोलता येत नाही, खोटं बोलायची वेळ आली की तो चप्पल बघतो. मी म्हटलं, माझ्याकडे बघा. तेव्हा त्यांनी कोटाच्या खिशातून माझं विहीणबाईंना लिहिलेलं पत्र काढून माझ्या हातात दिलं. पेटीत टाकलंच नव्हतं.

ठकू, तू एकटी होतीस.

मी तिथेच फाटकाच्या कट्ट्यावर बसून रडले. पोरं जमली. त्यांना वाटलं पेपर अवघड गेला. वटवट पाठीवरून हात फिरवत म्हणाली, काकू, पास व्हाल हो, रडू नका. जिराफ धावत जाऊन पाणी घेऊन आला.

पेपर अवघड गेला नाही, हीच गोष्ट मला खातेय. "मला आलेला अनुभव" असा विषय होता. मी लिहिलं की मुलं मोठी होतात, एक दिवस त्यांना आईची गरज उरत नाही, आणि ते मान्य करायला शिकणं हा माझा मोठा अनुभव. फार चांगलं लिहिलं होतं. पुरवणी घेतली. एकदाही खाडाखोड केली नाही. आणि मी हे लिहीत होते त्याच सुमारास तू तिथे एकटी कण्हत होतीस. सगळा निबंध चूक आहे. परत मागायला गेले तर गठ्ठा बांधून झाला होता.

तू मला विचारायला हवं होतंस. माझी परीक्षा, माझी लेक, काय सोडायचं ते मी ठरवलं असतं. मी तुझ्याकडेच आले असते. आणि मला आनंद झाला असता. आणि मग म्हातारपणी कधीतरी मी कॉलेजावरून जाताना मान दुसरीकडे वळवली असती. ते तुला दिसलं, मला दिसलं नाही. म्हणून तुझा रागही धड येत नाही.

उद्या शेवटचा पेपर आहे. तो देते, नाहीतर तुझं एकटीनं सोसणं फुकट जाईल. आणि मिळेल त्या विमानानं निघते.

कशी दिसते गं ती?

आई

•

१९ एप्रिल

प्रिय आई,

बाबांनी केमिस्टकडून फोन करून तुझ्या विमानाचा दिवस सांगितला. हे पत्र पोचेल तेव्हा तू तिथे नसशील, हे मला कळतं. तुझं पत्र आलं की उत्तर लिहायचं, इतकी सवय झालीय की राहवत नाही.

मी अगदीच एकटी नव्हते. कामावरची सोबतीण आली होती. तिनं हात धरून ठेवला, मी तो इतका दाबला की दुसऱ्या दिवशी तिला शिक्के मारता येईनात. नर्सनं विचारलं, कुणाला बोलावू का? मी म्हटलं, आईला. ती म्हणाली, कुठे आहेत त्या? मी म्हटलं, तिची परीक्षा चालू आहे. नर्सला वाटलं मला भ्रम झालाय. तिनं कपाळाला हात लावून बघितला.

सासूबाईंबद्दल जे जे लिहिलं ते तू करशील असं मला वाटत होतं ते होतं. पानभर लिहून झालं की थोडा वेळ खरंच कुणीतरी घरात आहेसं वाटायचं. त्या पत्रात खोटं एवढंच की नाव दुसरं टाकलं.

तुला विचारलं असतं तर तू आली असतीस, म्हणून विचारलं नाही. तू न मागता मिळणारं माणूस आहेस, आई. तुझ्याकडे काही न मागणं हेच अवघड होतं. कितीतरी वेळा पत्र लिहिलं, "ये" एवढंच, आणि फाडलं.

तुझा निबंध चूक असेल तर असू दे. तुला चांगले मार्क मिळू देत.

कशी दिसते ते लिहीत नाही. येऊन बघ.

ठकू

•

२४ एप्रिल

अहो,

सुखरूप पोचले. तुम्हाला मी हे पहिलंच पत्र लिहितेय, इतक्या वर्षांत कधी वेळच आली नाही. काय लिहायचं ते कळत नाही, तरी सुरुवात तर केलीय.

विमानतळावर तिची सोबतीण घ्यायला आली होती. जिना चढून वर आले. दार उघडंच होतं. ठकू बाळाला खांद्यावर घेऊन फेऱ्या घालत होती. केस विंचरलेले नाहीत, डोळ्यांखाली काळं. वाटेत मी काय काय बोलायचं ठरवलं होतं. आधी थोडं रागवायचं होतं. तिनं माझ्याकडे बघितलं. पुढे आली, बाळ माझ्या हातात दिलं, मी नीट धरलंय ना ते एकदा बघितलं, आणि पलंगावर जाऊन आडवी झाली. माझी चप्पलसुद्धा काढून झाली नव्हती. तेवढ्यात तिला झोप लागली.

अजून झोपलीच आहे. सकाळची दुपार झाली. सोबतीण मघाशी डोकावून गेली, खुणेनं म्हणाली, इतक्या दिवसांत अशी झोपलेली बघितली नाही. समोरच्या खिडकीत एक बाई गालिचा झटकत होती, तिनं हात केला. मी बाळाचा हात धरून हलवला.

मी खुर्ची पलंगाजवळ ओढून बसलेय. बाळ मांडीवर आहे, कागद पलंगाच्या कडेवर, म्हणून अक्षर असं आलंय. नाक आपल्या घरचं आहे, बाकी अजून कळत नाही. इथून तुमची आठवण येते, वर्गाचीही येते, हे कुणाला सांगू नका.

तिकडे निकाल लागला की फोन करा. आत्ता मात्र करू नका, घंटेनं ती जागी होईल. माझा पाय बधिर झालाय आणि पाणी प्यायचंय. ती उठेपर्यंत मी इथून हलत नाही.